फाजील शब्दांचा कैवार

भाषाशुद्धीचा विडा उचललेल्या मंडळींत हल्ली एका नव्या पंथाची भर पडली आहे. पूर्वीचे शुद्धिवादी परकीय शब्दांच्या पाठीस लागत. हा पंथ फाजील शब्दांच्या पाठीस लागला आहे. त्याची कसोटी मोठी सोपी. वाक्यातून एखादा शब्द काढून पाहावा. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने उभे राहिले, तर तो शब्द फाजील समजावा आणि त्यावर काट मारावी. इंग्रजी शिकविणारे शिक्षक, मराठी निबंध तपासणारे परीक्षक, वृत्तपत्रांतील मजकूर कातरणारे उपसंपादक, ह्या सर्वांचे ह्या एका बाबतीत विलक्षण एकमत दिसते. आमच्या वसई-विरार भागात नायगावपासून विरारपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांस इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या लागलेल्या आहेत. तेथे शिकणाऱ्या तरुणांस पहिल्या दिवसापासून हाच उपदेश मिळतो: मोजके बोला, नेमके बोला, नको तो शब्द गाळा.

उपदेश ऐकावयास गोड आहे, आणि अर्धा खराही आहे. परंतु ज्या कसोटीवर तो उभा आहे ती कसोटी साफ खोटी आहे असे आमचे म्हणणे आहे. व्याकरणास ज्याची गरज नाही त्याची अर्थासही गरज नाही, हे समीकरण कोणी व कोठे सिद्ध केले? आम्ही तर ह्याच्या उलट म्हणतो. वाक्यातील जे शब्द बोलणाऱ्याने घातलेच पाहिजेत, ते त्याच्याविषयी काही सांगत नाहीत. जे घातले नाहीत तरी चालले असते आणि तरीही त्याने घातले, तेच त्याचे मन सांगतात. सरकारी कर भरणाऱ्याच्या औदार्याची कोणी वाखाणणी करीत नाही. देणगी देणाऱ्याची करतात. ऐच्छिक शब्दांत इच्छा दिसते, एवढे तरी त्या नावावरून समजावयास हवे होते.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. ‘चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली’ हे वाक्य शाळेतल्या कोणत्याही मुलास येते. त्यात ‘च’ हे एक अक्षर घालावयाचे आहे. ‘चिमाजी अप्पांनीच १७३९ साली वसई घेतली’ असे म्हटले, म्हणजे त्या पराक्रमाचे श्रेय दुसऱ्या कोणास देऊ पाहणाऱ्यास उत्तर मिळाले. ‘१७३९ सालीच’ म्हटले, म्हणजे ही गोष्ट पुष्कळ नंतर घडली असे समजणाऱ्याची चूक दुरुस्त झाली. ‘वसईच घेतली’ म्हटले, म्हणजे एखादे किरकोळ ठाणे नव्हे, तर पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य स्थळ घेतले, हा भाव आला. आणि ‘वसई घेतलीच’ म्हटले, म्हणजे तटबंदीची बळकटी, वेढ्याचे हाल, पडलेली माणसे ह्या सर्वांस पुरून उरलेला निश्चय त्या एका अक्षरात उभा राहिला. चारही ठिकाणी ‘च’ काढून टाका. वाक्य व्याकरणाने निर्दोषच राहते. फक्त चार उत्तरांचे एक टिपण होते, आणि ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कोणास कळत नाही.

आता हीच चार वाक्ये इंग्रजीत न्यावयाची झाली, तर तेथे एका अक्षराने भागत नाही. पहिल्यासाठी वाक्याची घडीच मोडून ‘इट वॉज’ने आरंभ करावा लागतो. दुसऱ्यासाठी ‘ॲज अर्ली ॲज’ हा शब्दसमूह आणावा लागतो. तिसऱ्यासाठी ‘नन अदर दॅन’ची मदत घ्यावी लागते. आणि चौथ्यासाठी ‘टुक’ ह्या सरळ भूतकाळी रूपाच्या जागी ‘डिड टेक’ असे लिहावे लागते. म्हणजे आमच्या भाषेत जे काम एक प्रत्ययासारखे अव्यय जागा बदलून करते, ते इंग्रजीत चार निरनिराळी साधने मिळून करतात. परंतु काम दोन्हीकडे एकच, आणि दोन्हीकडे व्याकरणाच्या हिशेबी फाजीलच.

ह्यांपैकी ‘डू’ ह्या शब्दाची कथा मोठी बोधप्रद आहे. इंग्रजीत प्रश्न विचारावयाचा किंवा नकार द्यावयाचा असेल, आणि वाक्यात दुसरे साहाय्यक क्रियापद नसेल, तर ‘डू’ बहुतेक घालावाच लागतो. तेथे तो पगारी नोकर आहे. त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. साध्या होकारी वाक्यात मात्र त्याची गरज नाही. दोनतीन शतकांपूर्वीचे इंग्रज कवी त्याचा उपयोग वृत्तातील अक्षरे भरून काढण्याकडे करीत. पोपने १७११ साली आपल्या टीकाविषयक काव्यात ह्या भरतीची थट्टा केली, आणि मौज म्हणजे ज्या ओळीत थट्टा केली त्याच ओळीत मुद्दाम एक तसला ‘डू’ बसवून दिला. पुढे १७५५ साली डॉक्टर जॉन्सनने आपल्या कोशास जोडलेल्या व्याकरणात उगाच घातलेल्या ‘डू’ला सदोष प्रयोग ठरविले. पण तेथेच त्याने हेही नमूद केले की, जोर देण्यासाठी हा शब्द वापरतात. ह्या दोघांनी भरती कोणती आणि भर कोणती हा भेद केला. आमचे शिक्षक जॉन्सनच्या ओरडण्याचा पूर्वार्ध तेवढा घेऊन बसले आहेत. होकारी वाक्यात ‘डू’ दिसला की लाल रेघ, हा त्यांचा नियम. परिणामी आमच्या मुलांस ‘आय नो’ येते, पण ‘तुला ठाऊकच नाही’ असे कोणी तोंडावर म्हटले, तर ‘आय डू नो’ असे उलटून म्हणता येत नाही.

होकारी वाक्यातील ‘डू’ला हे बळ आले कोठून? तो तेथे असण्याची गरज उरली नाही, त्यातून आले. जे नेहमी असते त्याकडे लक्ष जात नाही. जे सहसा नसते ते दिसले म्हणजे ऐकणारा थबकतो आणि हा शब्द येथे का, असा प्रश्न स्वतःस विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर हाच त्या शब्दाचा अर्थ.

आमच्या प्रतिपक्षाचे मोठे प्रमाण म्हणजे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक. त्यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचे एक छोटेखानी पुस्तक छापले आणि अनावश्यक शब्द गाळावेत असा नियम त्यात घातला. तो नियम जगभर गाजला. पण त्या नियमाखाली जे विवेचन आहे ते वाचण्याचे कष्ट किती जण घेतात? लेखकाने सर्व वाक्ये आखूडच करावीत असे नव्हे, तर प्रत्येक शब्दाने काही सांगितले पाहिजे, असा खुलासा स्ट्रंकनेच केला आहे. त्यापुढची गोष्ट अधिक गमतीची आहे. त्यांचे शिष्य ई. बी. व्हाइट यांनी १९५९ साली ते पुस्तक नव्याने काढताना लिहून ठेवले आहे की, गुरुजी वर्गात हा नियम सांगताना एकदा सांगून थांबत नसत. मेजावर ओणवे होऊन तो तीनदा उच्चारीत. अनावश्यक शब्द गाळा, हे सांगावयास तिप्पट शब्द! त्या तीनांतील दोन उच्चार व्याकरणाने फाजील होते, आणि शिष्याच्या स्मरणात चाळीस वर्षे राहिले ते त्या दोहोंमुळे.

येथे आक्षेपक म्हणतील की, तुम्ही शब्दपाल्हाळाची वकिली करीत आहा. ‘खूपच अतिशय सुंदर’, ‘अत्यंत प्रचंड’, ‘भयंकर गोड’ असले जे लेखन हल्ली जाहिरातींतून आणि भाषणांतून वाहत असते, त्यासही तुमचा आशीर्वाद आहे काय? मुळीच नाही. परंतु येथे दोन जातींची गल्लत होत आहे, आणि सगळा घोटाळा तिच्यापासून झाला आहे. जोर देणाऱ्या शब्दांची एक जात माप वाढविते आणि दुसरी जात बोट दाखविते. ‘फार’, ‘अतिशय’, ‘प्रचंड’, इंग्रजीतील ‘व्हेरी’ आणि ‘ऑफुली’, हे माप वाढविणारे शब्द होत. त्यांचा स्वभाव चलनी नाण्यासारखा आहे. जितके अधिक पाडावेत तितके स्वस्त. ‘व्हेरी’चा मूळ अर्थ ‘खरा’ असा होता. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि झिजत झिजत नुसता ‘फार’ होऊन बसला. ‘ऑफुली’च्या मुळाशी भय आहे, आता ते शोधूनही सापडत नाही. आपल्या ‘भयंकर’चीही तीच गत होत आहे. ह्या जातीच्या शब्दांवर परीक्षकांनी खुशाल कात्री चालवावी. आम्ही ती धार लावून देऊ.

पण ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’, ‘की’, ‘बरे’, ‘हं’, तसेच इंग्रजीतील ‘डू’ आणि ‘ईव्हन’ हे त्या जातीचे नव्हेत. ते काही वाढवीत नाहीत. वाक्याची दिशा तेवढी सांगतात. ‘ये’ ह्या एकाक्षरी आज्ञेकडे पाहा. ‘ये ना’ ह्यात आर्जव आहे. ‘ये की’ ह्यात तुला कोणी अडविले आहे असा लाडिक ठपका आहे. ‘ये तर खरा’ ह्यात प्रसंगी धमकी आहे. ‘ये बरे’ ह्यात वडीलपणा आहे, आणि ‘येच’ ह्यात नकार ऐकून घेण्याची तयारी नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी लहान मुलांच्या नावाने ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असे छापतात. त्यातला ‘हं’ काढून पाहावा, म्हणजे निमंत्रणाची समन्सपत्रिका कशी होते ते कळेल. इंग्रजांनाही हे ठाऊक आहे. पाहुण्यास ते नुसते ‘कम’ म्हणत नाहीत, ‘डू कम’ म्हणतात. आपल्या ‘या ना’चे इतके चोख भाषांतर दुसरे नाही. पण आमच्या वर्गांतून ‘या ना’ला ‘प्लीज कम’ हा एकच पर्याय शिकवितात. त्यात सभ्यता आली, आग्रह गेला.

आमच्या पूर्वसूरींनी हा विवेक केलेला होता. यास्काने निरुक्तात निपातांचा विचार करताना केवळ पाद भरून काढणारे निपात निराळे दाखविले. म्हणजे अर्थवाही निपात आणि भरतीचे निपात एका दावणीस बांधावयाचे नाहीत, हे त्यास उमगले होते. मराठीचा तर पिंडच ह्या लहान शब्दांवर पोसलेला आहे. ज्ञानेश्वरीतील ‘पैं’, ‘गा’, ‘जी’ हे सर्व शब्द खोडून काढा. त्यातील तत्त्वज्ञानाचा एक कणही कमी होणार नाही. पण समोर बसलेला श्रोता उठून जाईल. आमच्या शाळांतून ह्या धनाचे काय होते? ‘च, ही, देखील, सुद्धा, मात्र’ अशी एक यादी ‘शुद्ध शब्दयोगी अव्यये’ ह्या मथळ्याखाली पाठ करवून घेतात. स्पर्धापरीक्षेत तिच्यावर एखादा गुण मिळतो. तो शब्द काय काम करतो हे विचारण्याचा प्रसंग विद्यार्थ्यास येत नाही आणि गुरुजींस येऊ दिला जात नाही. आमच्या परिचयाच्या एका मुलीने निबंधात लिहिले होते, ‘मी उशिरा घरी आले, पण आजी रागावलीच नाही.’ परीक्षकांनी ‘च’ला वर्तुळ करून शेजारी ‘अनावश्यक’ असा शेरा मारला. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीच्या पोटातला गोळा, आणि अपेक्षित बोलणी न बसल्यामुळे पडलेला तिचा जीव भांड्यात, हे सगळे त्या एका अक्षरात होते. ते अनावश्यक ठरले.

ह्या छाटणीचे फळ कोणते, हे पाहण्यासाठी सायंकाळच्या विरार गाडीतील इंग्रजी ऐकावी. ‘आय ॲम कमिंग टुडे ओन्ली’, ‘आय स्टे इन वसई ओन्ली’ अशी वाक्ये पदोपदी कानी येतात, आणि स्वतःस अधिक शिकलेले समजणारे लोक त्यांवर हसतात. हसण्यापूर्वी त्यांनी थोडा विचार करावा. तो ‘ओन्ली’ अज्ञानातून आलेला नाही. ‘आजच येतो’, ‘वसईतच राहतो’ ह्या वाक्यांतील ‘च’ परक्या घरी आसरा शोधीत आहे. आणि त्याची खरी जागा कोणी दाखवून न दिल्यामुळे पहिला उघडा दरवाजा दिसला तेथे तो शिरला आहे. बोलणाऱ्यास जोराची गरज भासली, हा त्याच्या भाषाबुद्धीचा पुरावा आहे. परंतु आमच्या आपसांत खपणारे हे नाणे बाहेर चालत नाही. ‘आय विल पे टुमॉरो ओन्ली’ असे एखाद्याने परमुलखातील व्यापाऱ्यास लिहिले, तर त्याच्या मनात ‘उद्याच भरतो, अधिक दिवस लावीत नाही’ असे असते. वाचणारा मात्र ‘उद्यापूर्वी भरणार नाही’ असे समजतो. देणाऱ्याचा तत्परपणा घेणाऱ्यास आडमुठेपणा वाटावा, ही एका न शिकविलेल्या शब्दाची किंमत आहे.

ह्याहून मोठी किंमत न्यायालयात मोजावी लागते. महाराष्ट्रात तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो आणि त्याचा जबाब मराठीत लिहिला जातो. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले की तेथील कामकाज इंग्रजी असल्यामुळे तोच जबाब भाषांतर होऊन जातो. आता ‘मी त्याला पाहिले नाही’, ‘मी त्याला पाहिलेच नाही’ आणि ‘मी त्याला पाहिलेही नाही’ ही तीन वाक्ये घ्या. पहिल्यात साधी माहिती आहे. दुसऱ्यात समोरच्याने केलेल्या विधानाचा साफ इन्कार आहे. तिसऱ्यात, बोलणे किंवा मारणे दूरच राहो, दृष्टीसही पडला नाही, असा आरोपाचा सर्व डोलारा पाडणारा निषेध आहे. इंग्रजीत दुसऱ्यासाठी ‘ॲट ऑल’ आहे, तिसऱ्यासाठी ‘ईव्हन’ आहे. पण फाजील शब्द गाळण्याच्या शिस्तीत वाढलेल्या भाषांतरकाराच्या हाती ही तिन्ही वाक्ये पडली, तर तिन्हींचे ‘आय डिड नॉट सी हिम’ असे एकच सपाट वाक्य होऊन जाईल, आणि व्याकरणाची चूक कोणास दाखविता येणार नाही. ज्याच्या जन्माची फरपट त्या कागदावर अवलंबून आहे त्याने ‘पाहिलेच नाही’ असे छातीवर हात ठेवून सांगितले होते, हे वरच्या न्यायाधीशास कळावयाचे कसे?

वसईच्या वाचकांस आणखी एका उदाहरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. येथील गावोगावच्या चर्चमधून, लॅटिनची सक्ती उठल्यापासून, उपासना मराठीत होते. तेथे वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांत ‘आमेन’ हा हिब्रू शब्द एका निराळ्या जागी येतो. प्रार्थनेच्या शेवटी संमतिदर्शक म्हणून तो सर्वांस परिचित आहे. पण येशू तो आपल्या विधानाच्या आरंभी घालतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर पंचवीस वेळा तो जोडीने येतो. व्याकरणाने पाहिले तर पन्नासही शब्द फाजील! राजा जेम्सच्या काळी, १६११ साली सिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात ती जोडी ‘व्हेरिली, व्हेरिली’ अशी राखली गेली. जुन्या मराठी भाषांतरानेही ‘खचीत’ हा शब्द दोनदा ठेवून तिचा मान राखला. विसाव्या शतकातील काही सुलभ इंग्रजी आवृत्त्यांनी मात्र ‘मी तुम्हांला सत्य सांगतो’ अशा अर्थाचे एकच वाक्य करून टाकले. अर्थ सुलभ झाला खरा. पण विधानापूर्वी दोनदा घण पडावा तसा जो आघात होत असे तो गेला. कोणाची श्रद्धा काय आहे हा येथे प्रश्न नाही. अधिकाराने बोलणारा मनुष्य आपले बोलणे कसे रोवतो, हे त्या दुहेरी शब्दावरून दिसत होते. आता तसे दिसत नाही.

तेव्हा करावयाचे काय? इंग्रजी शिकविणारांनी ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’ असलेली मराठी वाक्ये मुद्दाम निवडून ती मुलांकडून इंग्रजीत करवून घ्यावीत. ‘आजच’ला कोठे ‘धिस व्हेरी डे’ आणि कोठे ‘टुडे इटसेल्फ’ऐवजी नुसता आवाजाचा आघात, ‘मला ठाऊक आहेच’ला ‘आय डू नो’, ‘राजासुद्धा’ला ‘ईव्हन द किंग’, असे प्रत्येकाचे ठिकाण दाखवून द्यावे. मराठीच्या शिक्षकांनी अव्ययांची यादी पाठ करविण्याऐवजी एकच वाक्य देऊन त्यात ‘च’ची जागा बदलावयास सांगावे आणि प्रत्येक वेळी ते वाक्य कोणाला उत्तर देते हे विचारावे. ह्यास नवे पुस्तक नको, नवा तास नको, सरकारी परिपत्रक तर मुळीच नको. घरच्या आईबापांनाही हे जेवताना करता येईल. वसईच्या घराघरांतून वाडवळी, कादोडी, आगरी, कोळी अशा बोली अजून बोलल्या जातात. त्यांतील असे लहान शब्द मुलांनी आजीआजोबांच्या तोंडून वेचून आणावेत. शाळेच्या मराठीत न मावणारे पुष्कळ त्यांच्या हाती लागेल.

आणि परीक्षकांस एवढीच विनंती. एखादा शब्द फाजील आहे की नाही हे ठरविताना तो काढून पाहण्याची आपली रीत सोडून द्यावी. तो शब्द वाक्यात ह्या जागेवरून त्या जागी हलवून पाहावा. हलविल्याने काहीच बदलले नाही, तर ती भरती आहे; खुशाल खोडावी. पण जागेबरोबर अर्थ बदलला, तर तो शब्द त्या वाक्यात कामाला आहे, आणि त्याला हात लावण्याचा अधिकार आपल्या लाल शाईस नाही.